आधी वाट बुजवा, मग विषाचे बोला

शेतीच्या यंत्रांविषयी आपल्याकडे जे लिहिले व बोलले जाते, ते बहुतेक यंत्र चालते असतानाच्या निगेविषयी असते. तेल केव्हा बदलावे, ग्रीस कोठे द्यावे, चाकात हवा किती असावी, हे आपला शेतकरी आता चांगले जाणतो. परंतु यंत्र उभे असताना त्याचे काय होते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः शेतकऱ्याचे यंत्र वर्षातून थोडे दिवस राबते आणि पुष्कळ दिवस छपराखाली उभे असते. पेरणीयंत्राला खरिपात काही दिवस व रब्बीत काही दिवस काम. मळणीयंत्राचे काम सुगीपुरते. ऊसतोडणीचे यंत्र गाळप संपले की पुढच्या गाळपापर्यंत स्वस्थ. या विश्रांतीच्या काळात गंजाच्या जोडीने यंत्राला दुसरा एक शत्रू भेटतो, आणि तो म्हणजे उंदीर होय.

उंदीर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कणगीतील धान्य येते. यंत्रातील उंदराचा उपद्रव वेगळा आहे. तो वायरींचे आवरण कुरतडतो, बैठकीच्या गादीतील फोम उपसतो, एअर फिल्टरच्या नळीत चिंध्या व गवत भरून घरटे करतो, पेरणीयंत्राच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांना भोके पाडतो. गुंडाळून कोपऱ्यात टाकलेल्या ठिबकच्या नळ्यांची तर तो चाळण करून सोडतो. इंजिनाला लागून केलेले सुके घरटे इंजिन तापल्यावर पेट घेऊ शकते. उघड्या पडलेल्या दोन वायरी एकमेकींस चिकटल्या तर ठिणगी पडण्यास वेळ लागत नाही.

कुरतडलेल्या वायरीची किंमत फार नसेल; पण ती कोणत्या दिवशी कळून येते, याचा विचार करा. मृगाचा पाऊस झाला, ७५ ते १०० मिलिमीटर पाणी पडून जमीन भिजली, वापसा आला, म्हणजे सोयाबीन, कापूस, तूर यांच्या पेरणीची वेळ झाली. भारी काळ्या जमिनीत वापसा आपल्यासाठी थांबत नाही. एक जोराची सर आली की पुन्हा चिखल, आणि उघडीप लांबली की ओल खाली उतरली. नेमक्या त्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरची चावी फिरवावी आणि इंजिनाने हूं की चूं करू नये. फिटर तालुक्याच्या गावी आणि त्याच्या दारात आधीच दहा ट्रॅक्टर उभे. अशा वेळी चार रुपयांच्या वायरीपायी चार दिवसांची पेरणी हातची जाते. ज्याने कर्ज काढून यंत्र घेतले आहे त्याला हप्ताही चुकत नाही आणि भाड्याने दुसऱ्याचे यंत्र आणणेही चुकत नाही.

यावर आपल्या गावोगाव जो उपाय योजला जातो तो विषाचा. दुकानातून पुडी आणावी, पिठात कालवावी, गोळ्या यंत्राखाली टाकाव्या आणि मोकळे व्हावे. माझे स्पष्ट मत असे आहे की, यंत्रातील उंदीर हा मुळात विषाचा प्रश्नच नाही. तो ठेवणीचा प्रश्न आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी यंत्र ज्या स्थितीत आपण उभे करतो, त्या स्थितीवर पुढील सहा-सात महिन्यांचे भवितव्य ठरते. तो एक दिवस नीट पार पडला तर विषाची गरज क्वचितच पडेल. तो दिवस चुकला तर विषाच्या दहा पुड्याही पुरणार नाहीत.

असे मी का म्हणतो, हे समजण्यासाठी या प्राण्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजवण्यासाठी तो सतत काही ना काही कुरतडतो. वायर त्याला खायची नसते, तरी ती त्याच्या वाटेत आली की दाताखाली जाते. घरातील लहान उंदीर शिसपेन्सिल जाईल एवढ्या, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरच्या फटीतून आत शिरतो. आढ्यावरून पळणाऱ्या मोठ्या उंदराला सुमारे १२ मिलिमीटरची फट पुरते. लहान उंदराला दिवसाला सुमारे ३ ग्रॅम दाणा लागतो, आणि पाणी न मिळाले तरी अन्नातील ओलाव्यावर तो निभावून नेतो. पेरणीयंत्राच्या पेटीत राहून गेलेले १०० ग्रॅम गहू म्हणजे एका उंदराची महिन्याची शिधासामग्री झाली. मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिले देते, आणि तीच पिले दीड-दोन महिन्यांची झाली की स्वतः विऊ लागतात. रब्बीची पेरणी आटोपून नोव्हेंबरात उभे केलेले यंत्र जूनमध्ये बाहेर काढायचे असेल, तर मधल्या सात महिन्यांत एका जोडीचे केवढे कुटुंब होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

येथे चिचुंद्रीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. लांब सोंडेसारख्या तोंडाची, चिरक्या आवाजाची आणि उग्र वासाची चिचुंद्री उंदीर नव्हे. ती किडे खाऊन राहते. वायरी कुरतडल्याचा आळ तिच्यावर घेऊन तिला मारण्याने काहीच साधत नाही.

उंदराला दोन गोष्टी हव्या असतात: निवांत आडोसा आणि जवळपास अन्न. या दोन्ही एकत्र मिळाल्या की काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात घडलेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाल्यानंतर मराठवाड्यात अनेक ठिकाणी लोकांनी भीतीने घरे सोडली. बंद घरांत धान्य तसेच राहिले आणि उंदरांना रान मोकळे मिळाले. पुढील वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. उंदरांच्या या वाढीचा त्या साथीशी संबंध जोडला गेला. आपल्या छपरातील यंत्र हे त्या बंद घराचेच लहान रूप आहे. पेटीत दाणे, खाली भुसकट, वर ताडपत्री आणि महिनोन्महिने माणसाची चाहूल नाही. उंदराने आणखी काय मागावे?

आता विषाकडे वळू. बंद यंत्रापाशी विष टाकण्यात तीन दोष आहेत. पहिला दोष असा की, विष खाल्लेला उंदीर पुष्कळदा यंत्रातच, हात पोहोचणार नाही अशा सांदीत मरतो. त्याची दुर्गंधी आणि किडे आपल्याला भोगावे लागतात, आणि रिकामी झालेली जागा आठ-पंधरा दिवसांत दुसरा उंदीर घेतो. कारण वाट तशीच उघडी असते. दुसरा दोष असा की, झिंक फॉस्फाईडसारखे जलद विष थोडे चाखून जो उंदीर वाचतो तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावीत नाही. ब्रोमाडिओलोनसारखी रक्त न गोठू देणारी विषे उशिरा मारतात म्हणून उंदराला संशय येत नाही. परंतु ते विष अंगात घेऊन तो काही दिवस हिंडत राहतो, आणि त्याला खाणारे घुबड किंवा मांजरही विषबाधेत सापडू शकते. घुबड आणि धामण हे आपले बिनपगारी राखणदार. ज्या विषाने एक उंदीर मेला आणि एक घुबड गेले, तो व्यवहार आतबट्ट्याचा झाला.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. गोठा, छप्पर, पडवी ही लहान मुलांची व कोंबड्या-कुत्र्यांची खेळण्याची जागा. झिंक फॉस्फाईड पोटात गेल्यास त्याला नेमका उतारा नाही. धान्यातील किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये किंवा ताडपत्रीखाली ठेवण्याचा मोह तर कोणीही कधीही होऊ देऊ नये. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचा जीव घेतो. तांब्यालाही तो खातो. म्हणजे उंदरापासून वाचवलेली वायर वायूने जायची. या गोळ्यांच्या वापरावर कायद्याचे निर्बंध आहेत आणि ते योग्यच आहेत.

मग करावे काय? आपल्या आजोबांच्या काळी सुगी झाली की कणगी शेणामातीने लिंपून घेत, बळदाचे तोंड बंद करीत आणि औतफाटा स्वच्छ करून वर टांगीत. अवजार उतरवणे, झाडणे आणि टांगणे हा शेतकामाचाच भाग मानला जाई. लाकडी पाभर जाऊन लोखंडी पेरणीयंत्र आले, तेव्हा ही रीतही मागे पडली. ती नव्या रूपात परत आणावी, एवढेच माझे सांगणे आहे.

हंगामाचे काम संपले त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, यंत्र झाडून घ्यावे. पेरणीयंत्राची बियाण्याची व खताची पेटी रिकामी करावी, नळ्या काढून झटकाव्या आणि वेगळ्या टांगाव्या. मळणीयंत्र काही मिनिटे रिकामे फिरवावे. नंतर ते पूर्ण बंद करून, पट्टा उतरवून चाळण्या काढाव्या आणि सांदीतील दाणे व भुसकट ब्रशने काढून टाकावे. ट्रॅक्टरच्या बैठकीखाली, हत्यारपेटीत, केबिनमध्ये भाकरीचे तुकडे, शेंगदाणे, चिंध्या, कागद यांपैकी काहीही राहू देऊ नये. ज्या यंत्रात अन्न नाही आणि घरट्याचे सामान नाही, त्या यंत्रात उंदराला राहण्याचे अर्धे कारण उरत नाही.

त्यानंतर वाटा बुजवाव्या. सायलेन्सरच्या तोंडावर व हवा ओढणाऱ्या नळीवर पत्र्याचे टोपण बसवावे. टोपणाला लाल फडक्याची लांब पट्टी बांधावी आणि तिचे दुसरे टोक स्टिअरिंगला अडकवावे, म्हणजे इंजिन सुरू करण्यापूर्वी ते काढण्याची आठवण राहील. केबिनच्या तळातून जेथे वायरी व दांडे जातात तेथील फटींत रबरी बूच बसवावे, किंवा तारेचा काथ्या ठासून वरून सीलंट लावावे. कोकणासारख्या दमट भागात साधा तारेचा काथ्या गंजून जातो. तेथे न गंजणाऱ्या तारेची बारीक जाळी घ्यावी. बॅटरीच्या टोकांजवळ मात्र तारेचा काथ्या नेऊ नये. मोठ्या भोकांवर ६ मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्रांची लोखंडी जाळी आवळावी. पोत्याचा तुकडा, कापूस किंवा फोम कोंबून भोक बुजवल्याचे समाधान करून घेऊ नये. उंदीर ते कुरतडतो आणि त्याचेच घरटे करतो.

बॅटरी काढून घरात ठेवावी. बैठकीची गादी निघत असेल तर ती काढून आढ्याला तारेने टांगावी. ठिबकच्या नळ्या स्वच्छ पाण्याने धुऊन, टोके बंद करून, वेटोळी भिंतीपासून दूर अशीच टांगावी. तारेवरूनही उंदीर उतरतो. म्हणून तारेत थाळीएवढी पत्र्याची चकती ओवावी. ताडपत्रीने यंत्र जमिनीपर्यंत झाकण्याची पद्धत बरी नाही. धूळ बसू नये म्हणून वरचा भाग झाकावा, पण खालून उजेड व वारा खेळता ठेवावा. अंधार आणि ऊब ही उंदराची आवड आहे.

छपराचाही विचार झाला पाहिजे. यंत्राशेजारी कडब्याची गंजी, पेंडीची पोती आणि रिकामे बारदान रचून ठेवायचे आणि मग उंदीर का येतात म्हणून विचारायचे, यात अर्थ नाही. धान्य, वैरण आणि यंत्र यांना शक्यतो एकाच छपराखाली ठेवू नये. जागा अपुरी असेल तर निदान मध्ये मोकळी वाट राखावी. छपराभोवती एक मीटर जमीन गवत व कचरा काढून स्वच्छ ठेवावी. दाराच्या खालच्या कडेला वीतभर रुंदीची पत्र्याची पट्टी ठोकावी आणि उंबऱ्याशी फट राहू देऊ नये. भिंतीच्या पायातील बिळे दगडगोट्यांनी ठासून सिमेंटने बंद करावी. पावसाळ्यात शेतातील बिळांत पाणी भरते आणि सुगीनंतर शेते उघडी पडतात. या दोन्ही वेळी शेतातील उंदीर वस्तीकडे सरकतात. तेव्हा ही डागडुजी मृगापूर्वी एकदा आणि सुगी उलगडल्यावर एकदा करावी.

एवढे केल्यावर पंधरा दिवसांतून एकदा दहा मिनिटे यंत्रापाशी जावे. बॉनेट उघडून विजेरीने आत पाहावे. लेंड्या, कुरतडलेला कागद, मुताचा वास या खुणा लपत नाहीत. शंका असेल तर रात्री यंत्राभोवती जमिनीवर रांगोळीचा पातळ थर पसरावा; सकाळी पाऊलखुणा आपोआप सांगतील की पाहुणा आहे की नाही आणि तो कोणत्या बाजूने येतो. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो. म्हणून चापाचा सापळा भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून, मुलांचा हात पोहोचणार नाही असा लावावा. एक-दोन सापळ्यांऐवजी पहिल्याच रात्री सात-आठ लावले तर काम लवकर होते.

या साऱ्यानंतरही उपद्रव राहिला, तर विषाचा विचार करावा. परंतु ते कुलूपबंद आमिषपेटीत, यंत्राच्या बाहेर, मुले व जनावरे यांच्यापासून दूर, वेष्टनावरील सूचना वाचून आणि जाणत्या माणसाच्या सल्ल्याने वापरावे. उरलेले आमिष व मेलेले उंदीर उघड्या हाताने न उचलता खोल पुरावे. डांबरगोळ्या, कापूर, पुदिन्याचे तेल यांच्यावर फार विसंबू नये. वास उडतो, उंदीर राहतो. आणि डांबरगोळ्यांची वाफ बंद केबिनमध्ये माणसालाच बाधते.

यंत्र उघडतानाही सावधपणा हवा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू ओल्या जमिनीत व पाण्यात पसरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती, आणि कोकणातील भातशेतकऱ्याला तर हा रोग अपरिचित नाही. म्हणून घरटे दिसताच झाडू घेऊन धुरळा उडवू नये. दारे उघडून हवा खेळू द्यावी, नाकातोंडाला फडके व हातात रबरी मोजे घालावे. एक लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर उघड्यावर मिसळून ते पाणी घरट्यावर शिंपडावे, पाच-दहा मिनिटांनी घाण गोळा करून पुरावी आणि धातूचे भाग स्वच्छ पाण्याने पुसून कोरडे करावे. वायरींच्या जोडांवर पाणी मारू नये. बॅटरी जोडण्यापूर्वी ते ओल्या फडक्याने टिपून घेऊन वाळू द्यावे. हाताला जखम असेल त्याने हे काम दुसऱ्याकडे द्यावे.

कोणी म्हणेल, हे सारे शहाणपण ठीक आहे, पण सुगीच्या धांदलीत यासाठी वेळ कोठून आणावा? माझे उत्तर असे की, नोव्हेंबरातील अर्धा दिवस जूनमधील चार दिवसांपेक्षा नेहमीच स्वस्त असतो. दुसरा कोणी म्हणेल, मी एकट्याने वाटा बुजवून काय होणार, शेजाऱ्याच्या गंजीतून उंदीर येणारच. विषाच्या बाबतीत हा आक्षेप खरा आहे. विष गावाने मिळून एकाच वेळी घातले नाही तर वाया जाते. परंतु बुजवलेले भोक शेजाऱ्याच्या उंदरालाही बुजलेलेच असते. एकट्या शेतकऱ्याच्या हाती असलेला हा उपाय आहे, आणि त्याचे मोल मला याचसाठी अधिक वाटते. तिसरा म्हणेल, आमच्याकडे मांजर आहे. मांजर जरूर असावे. पण ते एअर फिल्टरच्या नळीत शिरू शकत नाही.

खरी अडचण आहे ती सामाईक यंत्रांची. अवजारे बँकेचे किंवा गटाचे यंत्र हंगामात सर्वांचे असते आणि हंगाम संपला की कोणाचेच नसते. शेवटच्या शेतकऱ्याचे काम झाले की तो ते आणून उभे करतो. झाडणे, बुजवणे हे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही. अशा प्रत्येक गटाने भाड्याच्या वहीत एक पान ठेवणीसाठी राखावे, असे मी सुचवतो. यंत्र कोणत्या तारखेला उभे केले, पेटी कोणी झाडली, टोपणे कोणी बसवली, पंधरवड्याची पाहणी कोणी केली, हे त्यावर नावानिशी लिहावे. शेवटचे भाडे आकारताना या अर्ध्या दिवसाची मजुरीही हिशेबात धरावी. मजुरी ठरली की काम होते. उपकार म्हणून सोडलेले काम राहून जाते.

गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. उंदीर नियंत्रणाची मोहीम निघाली की आपण किती पुड्या वाटल्या याचा आकडा वर पाठवतो. पुडी वाटणे सोपे आहे आणि मोजणेही सोपे आहे. परंतु पुडी वाटली म्हणजे यंत्र वाचले असे होत नाही. सुगी उलगडल्यावर गावातील एका छपरात दहा शेतकऱ्यांना बोलवावे, त्यांच्यासमोर एक पेरणीयंत्र झाडून, नळ्या काढून, वाटा बुजवून दाखवावे, आणि मृगात तेच यंत्र त्यांच्याच समोर उघडावे. जाळीचा तुकडा, तारेचा काथ्या आणि पत्र्याची दोन टोपणे यांहून अधिक खर्च त्याला नाही. शेतकरी बंधुभगिनी ऐकलेले विसरतील. पाहिलेले विसरणार नाहीत.

यंदाची सुगी आटोपल्यावर पहिल्या मोकळ्या सकाळी आपल्या यंत्राभोवती एक शिसपेन्सिल घेऊन फिरावे. जेथे जेथे ती आत जाईल, तेथे तेथे उंदराचे दार आहे असे समजावे, आणि ते दार त्याच दिवशी लावून घ्यावे.